गेम बॉयवरचा सिंबा पुन्हा धावायला लागला

जुना राखाडी गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र, चालू केला की लोगोच्या जागी नुसता काळा पट्टा सरकत खाली यायचा आणि तिथेच अडायचा. कॅसेट 'द लायन किंग'ची, 1994 च्या चित्रपटावरची. बाकीच्या कॅसेट मस्त चालत होत्या, म्हणजे गडबड या कॅसेटच्या पिनांतच.

त्या पट्ट्यामागचं कारण मला फार आवडतं. गेम बॉय सुरू होताना निन्टेन्डोचा लोगो कॅसेटमधूनच वाचतो, स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून बघतो आणि जुळला नाही तर पुढे सरकतच नाही. पिना टेकत नसतील तर वाचायला काहीच नसतं, म्हणून तो काळा ठोकळा.

कॅसेट न उघडताही काम होतं. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून पिनांवर लांबीच्या दिशेने फिरवली. पहिल्या काडीचा कापूस काळाकुट्ट निघाला! काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहिलो, मग कॅसेट कोरडी होऊ दिली. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, वरचा मुलामा जातो. फुंकरही नको, श्वासातल्या ओलाव्याने पिना हळूहळू गंजतात.

नंतर यंत्र बंद ठेवून कॅसेट काही वेळा आत-बाहेर केली आणि लोगो स्वच्छ उमटला. 160 बाय 144 ठिपक्यांच्या पडद्यावर, जेमतेम चार छटांत, छोट्या सिंबाची उडी इतकी जिवंत वाटते की मागे दिवा नसलेला हा पडदा खिडकीजवळ नेऊन बघण्यातही मजा आहे. खेळून झालं की चारही पेन्सिल सेल काढून ठेवा, गळले तर आतल्या पट्ट्या खातात.