काठावरचं डिझेल बंद झालं की बोटवाले करतात त्या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या काठाजवळचा डिझेल-पेट्रोलचा पंप बंद झाला की पहिले काही दिवस सगळ्यांना एकच घोर लागतो: आता डिझेल आणायचं कुठून? डिझेल मिळतं. जेऊरला मिळतं, करमाळ्याला मिळतं, टेंभुर्णीला मिळतं. मोटारसायकलला दोन कॅन अडकवले की काम भागतं. खरा त्रास महिना-दीड महिन्यानं सुरू होतो आणि तोवर माणूस पंप बंद झाल्याचं विसरून इंजिनाला शिव्या द्यायला लागलेला असतो.

उजनीच्या बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यावर, बोटींची इंजिनं दुरुस्त करणं हे माझं काम. मासेमारीच्या होड्या, माणसं आणि मोटारसायकली पलीकडे नेणाऱ्या बोटी, पक्षी बघायला येणाऱ्यांच्या बोटी, सगळं येतं. काठावर इंधन मिळायचं बंद झाल्यापासून आलेल्या बहुतेक इंजिनांत मला इंजिनाचा दोष सापडलेला नाही. दोष कॅनमध्ये, बॅरलमध्ये नाहीतर नळीत असतो.

पंपाची जमिनीखालची टाकी रोज रिकामी होते, रोज भरते. तिच्यात पाणी आलंय का ते रोज बघितलं जातं. नोझलच्या अलीकडे फिल्टर असतो. ही सगळी कामं आजवर दुसरं कुणीतरी आपल्यासाठी करत होतं. कोकणात बंदरावर मच्छीमार संस्थांचे पंप असतात, बोट धक्क्याला लावायची आणि टाकी भरायची. आपल्याकडे धक्काही नाही. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठा उरला, की काठच दूर सरकतो आणि कॅन खांद्यावर घेऊन गाळातून चालावं लागतं. 2024 च्या उन्हाळ्यात पाणी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, तेव्हा ही पायपीट सगळ्यांनी केली आहे. अशा वाटेवर इंधनाची जी आबाळ होते, ती पुढे पाण्यात मधोमध बाहेर येते.

बॅरल उघड्यावर उभं ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती टाळायला एक रुपया लागत नाही.

सारखं कोण जाणार म्हणून लोक 200 लिटरचं बॅरल भरून आणतात आणि अंगणात उभं करतात. झाकण घट्ट आहे, मग पाणी जाईल कुठून, असं त्यांना वाटतं. जातं. दिवसा उन्हात बॅरल तापतं, आतली हवा फुगते आणि झाकणाच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते. रात्री गार झालं की तेच बॅरल हवा आत ओढतं. वरच्या कडेच्या आत पावसाचं किंवा दवाचं पाणी साचलेलं असेल, तर हवेऐवजी पाणी ओढलं जातं. झाकण न उघडता बॅरलात पाणी होतं ते असं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. वरचं डिझेल स्वच्छ दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो.

पावसाळा सरताना असाच एक फोन आला. प्रवासी बोट, पाण्यात मधोमध इंजिन बंद पडलेलं. बोटीवर तीन मोटारसायकली, कॉलेजची पोरं, एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन. नावाडी पोरगा हुशार, पण घाबरलेला. "दादा, हँडल मारून मारून हात गळाले, पकडतच नाही." मी म्हटलं, आधी हँडल ठेव. फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला कर, पडेल ते तळहातावर घे आणि बोटानं चोळ. डिझेल असेल तर बुळबुळीत लागेल. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, "पाणीच हाय की ओ दादा."

दुसऱ्या बोटीनं दोर टाकून त्यांना काठाला आणलं. वारा पडलेला होता म्हणून ते सोपं गेलं. मालकाच्या घरी जाऊन बॅरलात पारदर्शक नळी तळापर्यंत सोडली, वरून अंगठा दाबून बाहेर काढली. नळीत खाली चार बोटं पाणी आणि त्यावर डिझेल, मधली रेघ लख्ख दिसत होती. मालकाला ते पटेना. "पंपानंच पाणी घातलं," असं तो तीन वेळा म्हणाला. बॅरलाच्या डोक्यावर अजून कालचं पाणी साचलेलं होतं, ते दाखवलं तेव्हा गप्प झाला. तोवर इंजिनात डिझेल फवारणारं नोझल गेलं होतं आणि इंजिनाच्या डिझेल पंपातल्या प्लंजरला (आत वर-खाली होणाऱ्या दांड्याला) ओरखडे पडले होते. या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं. तिथं पाणी पोचलं की धातूवर धातू घासतो आणि बोट उभी राहिली की गंज धरतो.

माझी सवय सांगतो. बॅरल आडवं ठेवायचं, दोन्ही झाकणं एका आडव्या रेषेत येतील असं. म्हणजे झाकणं आतून डिझेलात बुडलेली राहतात आणि हवा ओढायला वाव मिळत नाही. उभंच ठेवायचं असेल तर छपराखाली, एका बाजूला वीट देऊन तिरकं आणि झाकण वरच्या अंगाला. डिझेल काढताना नळी तळापासून चार बोटं वर ठेवायची. तळाचं राहिलेलं काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवायचं आणि सकाळी बघायचं. आणि कॅनमधून बोटीच्या टाकीत ओतताना जाळीचं नरसाळं हवंच. बनियनचा तुकडा लावून गाळणारे बरेच भेटतात. त्यातून कचरा अडतो, पाणी अडत नाही, वर धागे फिल्टरला जातात.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू

आउटबोर्ड इंजिनवाल्यांनी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं पेट्रोल इंजिन असणाऱ्यांनी, हे नीट वाचावं. तुमची सुटी टाकी असते, तिच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. तो हवेसाठी. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते.

पूर्वी टाकी बोटीतच राहायची, स्क्रू कायम उघडा असायचा, कुणाचं लक्षही जायचं नाही. आता टाकी पिकअपमध्ये टाकून पंपावर न्यावी लागते. हिंदकळून सांडू नये म्हणून स्क्रू आवळतात, ते बरोबरच. पण बोटीत ठेवल्यावर तो उघडायचा राहून जातो. इंजिन सुरू होतं, झकास चालतं आणि पाच-दहा मिनिटांनी धापा टाकत बंद पडतं. थोडं थांबलं की परत सुरू होतं, परत बंद पडतं.

केत्तूरकडे पक्षी दाखवायला नेणारा एक बोटवाला या दुखण्यापायी पार कंटाळला होता. त्यानं प्लग बदलले, कार्बुरेटर दोनदा उघडला, कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पडदाही बदलला. ऐन थंडीत, फ्लेमिंगो आलेले असताना, गिऱ्हाईक परत पाठवायची पाळी आली. मी बोटीवर गेलो तेव्हा नळीतला रबरी फुगा (हातानं दाबून पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा) चपटा होऊन चिकटलेला होता. ही ठळक खूण आहे. फुगा आत ओढला गेला असेल तर टाकीला हवा मिळत नाही. फुगा दाबला की मऊच राहतो, भरतच नाही, तर उलटं समजा: टाकीकडच्या जोडातून नळी हवा ओढतेय किंवा टाकी रिकामी आहे. स्क्रू दोन आटे फिरवला, टाकीनं "सुस्स" करून हवा घेतली आणि इंजिन दिवसभर चाललं. झालेला खर्च मात्र परत येत नाही.

नवशिक्यांची घाई इथं नडते. इंजिन बंद पडलं की हात पहिल्यांदा पान्याकडे जातो. माझं सांगणं आहे, टाकीपासून सुरुवात करा आणि इंजिनाकडे जा. टाकीत इंधन आहे? स्क्रू उघडा आहे? फुगा घट्ट होतो? जोड ओला आहे? फिल्टरमध्ये पाणी आहे? एवढं बघितल्याशिवाय इंजिनाचा एकही बोल्ट सोडू नका.

पेट्रोल साठवून ठेवणं

डिझेल नीट ठेवलं तर काही महिने टिकतं. पेट्रोलला तोच न्याय लावू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही होतं, आपल्या जिल्ह्याला त्याचं नवल नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं. अर्धा रिकामा कॅन काठावरच्या दमट हवेत पडून राहिला की त्यात ओल मुरत जाते आणि हद्द ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर धरतात. टू-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे पेट्रोलात ऑइल मिसळून चालवायच्या इंजिनात, तर हे इंजिनाच्या जिवावर येतं. तुम्ही मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, इंजिन मात्र खालून ओढतं. म्हणजे बिनऑइलचं. पिस्टन जाम झालेलं इंजिन घेऊन लोक येतात आणि "ऑइल तर घातलं होतं" म्हणतात. घातलं होतं हे खरंच असतं.

दोन-तीन आठवड्यांत संपेल तेवढंच पेट्रोल आणा, कॅन जवळजवळ भरलेला राहील असा छोटा घ्या. बोट जास्त दिवस उभी राहणार असेल तर नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बुरेटर कोरडा होतो. जुन्या इंजिनाची रबरी नळी आणि वॉशर इथेनॉलनं फुगतात, चिरतात. दर हंगामाला नळी वाकवून बघा आणि शंका आली की बदला. ऑइलचं प्रमाण 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली, मापानं. झाकणाच्या अंदाजानं नाही.

किराणा दुकानात बाटलीत मिळणारं पेट्रोल घेऊ नका. तोंडानं नळी ओढून डिझेल काढू नका, फुप्फुसात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो. रॉकेल मिसळू नका.

"डिझेल पेट घेत नाही"

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश धरलेला आहे, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 वर असतो आणि उन्हातल्या पत्र्याच्या कॅनचं तापमान त्याहून जास्त. पेट्रोलची वाफ तर कडाक्याच्या थंडीतही पेटते, आणि हवेपेक्षा जड असल्यानं बोटीच्या तळाशी साचून राहते. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नाही.

सुटी टाकी नेहमी बोटीतून उतरवून काठावर, जमिनीवर ठेवून भरा. बोटीतलीच टाकी असेल तर माणसं उतरवा, इंजिन बंद, बिडी-सिगारेट बंद, भरून झाल्यावर तळाच्या फळ्या उचलून वारा लागू द्या. प्रवासी बसलेले असताना कॅन ओतणारा नावाडी दिसला तर त्या बोटीत बसू नका, असं मी पाहुण्यांना सांगतो.

कायद्याचंही माहीत असू द्या. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार, विकायचं नसेल तर 30 लिटरपर्यंत पेट्रोल बिनापरवाना ठेवता येतं, आणि तेही पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या, 25 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या डब्यात. डिझेलची मर्यादा 2500 लिटर, एका भांड्यात 1000 लिटरपर्यंत. पंपवाला पाण्याच्या बाटलीत पेट्रोल देत नाही म्हणून त्याच्याशी भांडू नका, तो नियमानं वागतोय.

जाण्यापुरतं इंधन घेऊन निघणं

कॅन वाहून आणावा लागतो, त्यामुळे लोक थेंब वाचवायला लागलेत. कुगावहून पलीकडच्या काठावरच्या कळाशीला जाऊन येण्यापुरतं मोजून टाकतात. पाण्यावर असं मोजता येत नाही. समोरून वारा असेल तर तेवढ्याच अंतराला बरंच जास्त जळतं आणि एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचा वारा कधी उठेल याचा नेम नाही. 21 मे 2024 ला याच मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि 6 माणसं गेली. त्या वाऱ्यात इंजिन चालू असतानाही बोट सांभाळणं कठीण. इंजिन बंद पडलं तर बोट आडवी होते आणि लाटा थेट कुशीवर घेते.

एक वाटा जायला, एक वाटा यायला, एक वाटा शिल्लक. शिल्लक वाटा वेगळ्या कॅनमध्ये, बांधून. सोबत नांगर आणि पुरेसा लांब दोर. नांगर टाकला की निदान बोटीचं तोंड वाऱ्याकडे राहतं. लाइफ जॅकेट अंगात, फळीखाली नाही.

डिझेल संपल्यावर नुसतं भरून हँडल मारत राहणं

डिझेल इंजिनाची टाकी एकदा कोरडी झाली की नळीत एअर धरते, म्हणजे हवा अडकते. भरल्यावर आधी फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. मग नोझलकडची नट ढिली करून तेच. नुसत्या स्टार्टरवर जोर काढलात तर बॅटरी उतरते आणि एअर तिथंच राहते. हे काठावर एकदा हातानं करून बघा, पाण्यात शिकायची गोष्ट नाही ही.

प्रत्येकानं आपापलं आणणं

एका गावातले दहा बोटवाले दहा वेळा जेऊरला जातात. घरपोच डिझेलची सोय 2018 मध्ये पुण्यात प्रायोगिक म्हणून सुरू झाली, आता टँकरची गाडी बऱ्याच ठिकाणी येते. सगळ्यांनी मिळून मागणी केली तर जवळच्या पंपाकडे विचारायला काय हरकत आहे? मच्छीमार संस्था असेल तर तिच्या नावानं विचारा, एकट्या माणसाच्या दोन कॅनसाठी कुणी गाडी पाठवत नाही. बॅरल ज्याच्याकडे ठेवणार त्याची शेड पुराच्या रेषेच्या वर हवी आणि चूल-गोठ्यापासून लांब. आधी आलेलं आधी वापरायचं. बॅरलावर तारीख खडूनं लिहू नका, पहिल्या पावसात जाते. ऑइलपेंटनं लिहा.