हेड गॅस्केट उडालेलं व्होल्वो टर्बोचं इंजिन पुन्हा बांधताना

व्होल्वोच्या ७४० आणि ९४० टर्बोमध्ये बी२३०एफटी हे इंजिन येतं. चार सिलिंडर, २३१६ सीसी, बिडाचा ब्लॉक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि ते धरून ठेवणारे दहा बोल्ट. याच घराण्यातलं इंजिन घेऊन २४० टर्बोने १९८५ साली युरोपियन टूरिंग कार स्पर्धा आणि जर्मनीची टूरिंग कार स्पर्धा (पुढे डीटीएम म्हणून ओळखली गेलेली), दोन्हींवर नाव कोरलं. म्हणजे ब्लॉक कच्चा नाही. ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारा पातळ थर, उडालं तर त्याला कुणीतरी उडवलेलं असतं: अति उष्णतेने किंवा डेटोनेशनने (इंधनाच्या अनियंत्रित, स्फोटासारख्या भडक्याने). कोणी ते कळण्याआधी हेड परत बसवलं, तर नवं गॅस्केटही थोड्याच दिवसांत त्याच जागी जळेल.

उघडण्याआधी

इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा रिले काढलेला आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. चारही आकड्यांत २ बारपेक्षा जास्त फरक नसावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर गॅस्केट त्या दोघांमधल्या भिंतीवर फुटलं आहे. आधीच्या बी२१ इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२ मिलिमीटर होता, बी२३०चा ९६ आहे. त्यामुळे दोन बोअरमधली जागा ४ मिलिमीटरने अरुंद झाली आणि आग आधी तिथूनच वाट काढते. एकच सिलिंडर कमी असेल तर लीक-डाऊन टेस्ट करा, म्हणजे प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते बघा: रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची चीर, ऑइल फिलरमधून हवा आली तर पिस्टनच्या रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर वॉल्व्ह.

गाडी रात्रभर उभी राहून सिलिंडरमध्ये कूलंट साचल्याचा संशय असेल, तर प्लग काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. १९८९च्या आधीच्या बी२३०चे रॉड बारीक आहेत, त्यांना हा मार सोसत नाही.

हेड उतरवणं आणि गॅस्केट वाचणं

हेड पूर्ण थंड झाल्यावरच सोडा. बोल्ट बाहेरच्या टोकांकडून मधल्यांकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे ढिले करा. गरम हेडचे बोल्ट एकाच टोकाकडून सोडले तर सरळ हेडही वाकडं होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नटांवर आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, स्टड तुटला तर दिवस वाया जातो. टर्बो मॅनिफोल्डला जोडलेलाच ठेवून दोन्ही एकत्र उतरवणं सोपं पडतं. टर्बोचा ऑइल परतीचा पाइप ब्लॉकमध्ये रबरी रिंगवर बसतो. ती रिंग नवीन घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं काम. जुनं गॅस्केट फेकू नका, टेबलावर पसरून नीट बघा. आगीची धातूची रिंग एकाच जागी अरुंद पट्टीत जळून तुटली असेल, त्याच सिलिंडरच्या पिस्टनची कड वाळू मारल्यासारखी खरबरीत झाली असेल आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चकाकणारे ठिपके असतील, तर ते डेटोनेशन आहे. मग शोध इंधनाकडे आणि बूस्टकडे (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाकडे) न्या: टाकीतला छोटा पंप बंद पडून मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) होत होतं का, बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या वेस्टगेट झडपेच्या अ‍ॅक्च्युएटरची नळी फाटून बूस्ट मर्यादेपलीकडे जात होता का, डेटोनेशन ऐकणारा नॉक सेन्सर ढिला होता का. हा सेन्सर २० न्यूटन मीटरलाच घट्ट करायचा असतो. कमी-जास्त झाला तर तो चुकीचं ऐकतो.

उलट गॅस्केट सगळीकडे सारखंच मऊ आणि चेपलेलं, पाण्याच्या छिद्रांभोवती कुजलेलं आणि हेड लांबीत वाकलेलं असेल, तर कारण उष्णता. चोंदलेला रेडिएटर, सैल पडलेला व्हिस्कस फॅन किंवा अडकलेला थर्मोस्टॅट, यांतलं एक तरी सापडेलच. एखाद्या पिस्टनचा माथा बाकीच्या तिघांच्या मानाने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जात होतं, कारण वाफेने काजळी निघून जाते.

खालचं इंजिन उघडायचं का?

कूलंट ऑइलमध्ये मिसळलं असेल, तर उत्तर स्पष्ट आहे: उघडायचं. डिपस्टिकवर दुधाळ साय दिसली की ऑइल बदलून भागत नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगच्या वरच्या मऊ थराला खातं आणि त्याचा चिकट गाळ ऑइलच्या वाटा अडवतो. हेडचं काम नीट करून खालची बेअरिंग तशीच ठेवली, तर पुढच्या काही हजार किलोमीटरमध्ये क्रँक खडखडायला लागतो. मग सगळं काम पुन्हा.

रॉड आणि मेन बेअरिंगचे कप प्रत्येकी एका क्रमाने काढून त्याच जागी परत ठेवा, अदलाबदल चालत नाही. प्लास्टिगेज (दाबाने चपटी होणारी मोजमापाची बारीक प्लास्टिकची दोरी) ठेवून फट मोजा: रॉड बेअरिंगला ०.०२३ ते ०.०६७ मिलिमीटर, मेनला ०.०२४ ते ०.०७२ मिलिमीटर. क्रँकचं पुढे-मागे सरकणं ०.०८ ते ०.२७ मिलिमीटरच्या आत हवं. पिस्टन काढण्याआधी चारही पिस्टन एकेक करून टॉप डेड सेंटरला (सर्वांत वरच्या जागी) आणा आणि ब्लॉकच्या पृष्ठभागापासूनची उंची डायलने मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली बसला तर त्याचा रॉड वाकलेला आहे. नुसत्या डोळ्यांना हे कधी दिसत नाही.

बोअर झिजला असेल तर ९६.३ आणि ९६.६ मिलिमीटरचे ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात. आधी पिस्टन हातात घ्या, मग त्याच्या मापावर रिबोअर करायला द्या. नवीन रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट फीलर गेजने बघा. कॉम्प्रेशन रिंगांना ०.३० ते ०.५५ मिलिमीटर. टर्बोमध्ये ०.३०पेक्षा कमी फट ठेवण्याचा मोह नको. बूस्टखाली रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा खाचेचा काठ मोडतो. होनिंगनंतर (बोअर दगडाने घासल्यावर) बोअर गरम साबणपाण्याने धुवा, नुसत्या पेट्रोलने दगडाची भुकटी निघत नाही. तेल लावलेलं पांढरं फडकं फिरवल्यावर करडा डाग येईनासा झाला की झालं.

मेन बेअरिंगचे बोल्ट ११० न्यूटन मीटर. रॉडचे नट आधी २० न्यूटन मीटर आणि मग ९० अंश.

हेडचं मशीनिंग

हेड आधी प्रेशर टेस्टला द्या, मगच प्लेनिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला). चीर पडलेल्या हेडवर प्लेनिंगचे पैसे घालू नका. वॉल्व्ह सीटच्या मधला भाग भिंगाखाली बघायला सांगा. नवीन हेडची उंची १४६.१ मिलिमीटर असते आणि मशीनिंगनंतर १४५.६च्या खाली जाता कामा नये. एकूण हातात फक्त अर्धा मिलिमीटर आहे. आधीच्या मालकाने त्यातला किती वापरला ते कॅलिपरने मोजल्याशिवाय कळणार नाही. पूर्ण अर्धा मिलिमीटर गेला, तर ८.७चं कॉम्प्रेशन गुणोत्तर ९च्या आसपास पोचतं. साध्या इंजिनात ही मजेची गोष्ट ठरेल, टर्बोमध्ये मात्र ती डेटोनेशनला आमंत्रण देते. म्हणून सरळ होण्यापुरतंच काढा.

मल्टी-लेयर स्टीलचं गॅस्केट लावायचं असेल तर पृष्ठभाग आरशाच्या जवळ जाणारा गुळगुळीत लागतो, हेडचाही आणि ब्लॉकचाही. ब्लॉक जागेवरच ठेवून काम करत असाल, तर कंपोझिट गॅस्केटच घ्या. ते थोडा खरबरीतपणा सांभाळून घेतं. ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या किंवा धारदार सपाट पट्टीने खरवडा. ड्रिलला लावायच्या अपघर्षक चकत्या अजिबात वापरू नका. त्यातली बारीक भुकटी ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोचते, शिवाय चकती बोअरच्या कडेला खड्डा करते तो वेगळाच.

हेड बसवणं

ब्लॉकमधल्या दहाही बोल्टांच्या भोकांतून पाणी आणि तेल हवेने उडवून काढा, आटे टॅपने साफ करा. तळाशी तेल राहिलं तर बोल्ट त्यावर दाबला जातो, टॉर्क पाना पूर्ण आकडा दाखवतो आणि हेड मात्र घट्ट बसलेलं नसतं. कधी ब्लॉकच फुटतो. जुने बोल्ट मध्यभागी बारीक झालेत का ते बघा. तसे असतील तर टाका. टर्बोसाठी नवीनच घ्या, गॅस्केटच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली थोडं इंजिन ऑइल लावा. गॅस्केट कोरडं बसवा, सिलंट नको.

कसण्याचा क्रम मधल्या दोघांपासून बाहेर. पहिली फेरी २० न्यूटन मीटर, दुसरी ६०, आणि तिसऱ्या फेरीत प्रत्येक बोल्ट आणखी ९० अंश, एकाच दमात. मध्येच थांबून पुन्हा ओढला तर स्थिर घर्षणामुळे अंदाज चुकतो. यानंतर गरम करून पुन्हा कसायची गरज नाही.

वॉटर पंप हेडच्या खालच्या बाजूला चौकोनी कडेच्या जाड रबरी रिंगने भिडतो. त्यामुळे तो हेडनंतरच बसवायचा. नट ढिले ठेवून पंप पहारीने वर दाबून धरा, मगच घट्ट करा. हे न केल्याने नव्या इंजिनातून पाणी गळतं आणि लोक पुन्हा गॅस्केटलाच दोष देतात.

वॉल्व्हची फट थंड इंजिनवर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. ती जुळवणाऱ्या चकत्या ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात. वॉल्व्ह सीट घासल्यावर फट कमी होते, म्हणून हेड घरी आणल्यावर सगळ्या आठ जागा नव्याने मोजा. टायमिंग बेल्ट चुकला तरी या इंजिनात वॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, पण खुणा दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पुन्हा तपासाच.

टर्बो आणि पहिला स्टार्ट

दुधाळ ऑइलवर चाललेला टर्बो आहे तसा परत लावू नका. शाफ्टला वर-खाली हलवून बघा. टर्बोचं चाक बाहेरच्या कवचाला घासत असेल तर आधी त्याची दुरुस्ती. ऑइल कूलर, त्याचे पाइप आणि इंटरकूलर आतून धुवा, जुना गाळ तिथेच दडून बसतो. टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये ताजं ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा. ऑइल पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टांचे तांब्याचे वॉशर नवीन लावा.

प्लग काढून, फ्युएल पंपाचा रिले बाहेर ठेवून, ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर फिरवा, एका वेळी दहा सेकंद. कूलंट पाण्यात निम्मं मिसळून भरा, गाडीचं नाक उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर. चालू झाल्यावर वरचा होज थोड्या वेळाने एकदम गरम व्हायला हवा. तो थंडच राहिला तर आत हवा अडकली आहे, बंद करा आणि पुन्हा भरा.

नव्या रिंगा बसण्यासाठी इंजिन नुसतं आयडलवर ठेवू नका. मध्यम भार द्या, सोडा, पुन्हा द्या, बूस्ट मात्र कमी. अर्ध्या तासाने ऑइल आणि फिल्टर बदला, ५०० किलोमीटरवर पुन्हा. १००० किलोमीटरला टायमिंग बेल्टचा टेन्शनर नट ढिला करून, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवून पुन्हा कसा. वॉल्व्हच्या फटीही तेव्हाच तपासा. त्याच दिवशी एक्सपान्शन टाकीच्या तोंडावर, कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू येतो का हे दाखवणारी रासायनिक टेस्ट करा. द्रव निळाच राहिला तर गॅस्केट धरून आहे.