चावरा कुत्रा घरात ठेवायचा की नाही? ठरवताना या चुका टाळा

जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या घरी पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर अचानक आजोबांवर धावून गेला. घरच्यांचा निकाल तयार : डोकं फिरलंय, अक्कलकोट रोडला सोडून या. डॉक्टरांनी कान उलटून पाहिला तर आत पू. आजोबा रोज लाडानं नेमका तोच कान चोळायचे.

म्हणजे पहिली चूक, तपासणीआधी निकाल. स्वभाव अचानक बदलला तर कान, दात, खुबा दुखतोय का ते आधी बघा. लसीकरण झालेलं नसेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर रेबीजची शंका धरा. हात न लावता कोंडून डॉक्टरांना बोलवा. कुठलाही कुत्रा चावला की जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना नको.

गुरगुरला म्हणून फटका देऊ नका. गुरगुरणं ही नोटीस आहे. ती बंद पाडलीत की पुढच्या वेळी थेट दात.

‘चावला’ एवढ्यानं काही कळत नाही. जखम बघा. इयान डनबार या पशुवैद्यानं चाव्याच्या ६ पायऱ्या केल्यात. पहिल्या दोनमध्ये दातानं कातडी भोसकली जात नाही. तिसरीत एकाच चाव्याची १ ते ४ छिद्रं, सुळ्याच्या निम्म्याहून उथळ. चौथीत दात त्याहून खोल, किंवा धरून झटकल्याच्या खुणा. चौथीपर्यंत गेलेला कुत्रा लहान मुलांच्या घरात नको, असं माझं स्पष्ट मत.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. आपण कुत्रा तपासतो, घर तपासत नाही. ‘लक्ष ठेवू की ओ!’ कोण ठेवणार? दार दिवसभर उघडं, सिलेंडरवाला येतो, शेजारची पोरं घुसतात, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला पाहुणे भरतात आणि होम मैदानावरच्या दारूकामानं कुत्रा आधीच बिथरलेला. मधे जाळीचं दार लावून रोज, न कंटाळता, कडी घालणारं माणूस घरात आहे का?

गच्चीवर बांधणं हा उपाय नव्हे. मे महिन्यातल्या उन्हात तो आणखी चिडतो. मुसकं घालायचं तर जाळीचं घ्या. कापडी घट्ट मुसक्यात त्याला धापताच येत नाही, आणि आपल्याकडच्या उकाड्यात ते जिवावर बेततं.

दुसऱ्या घरी द्यायचा ठरला तर किती वेळा, कुणाला, कसा चावला ते लपवू नका. आणि रस्त्यावर बेवारस सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कचाट्यात येतं, हे अक्कलकोट रोडवाल्यांना सांगाच.