वॉर्डाची सरासरी बाजूला ठेवा, शाळावार पट मांडा

मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. कुणाच्या वाट्याला किती शिक्षक आले, हे वॉर्डाच्या सरासरीवरून कळत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने एका तक्त्यात शाळावार लिहावं: पहिली ते पाचवीचा पट, शिक्षक, माध्यम, पाळी.

समजा, एका शाळेत ९० मुलं आणि ५ शिक्षक, शेजारच्या शाळेत २१० मुलं आणि ५च शिक्षक. एकत्र भागाकार केला की ३० मुलांमागे १ शिक्षक, कागद चोख! प्रत्यक्षात इकडे १८, तिकडे ४२. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या अनुसूचीप्रमाणे ६१ ते ९० पटाला ३ शिक्षक. २००च्या वर मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४०हून जास्त मुलं चालत नाहीत. म्हणजे लहान शाळेत २ अतिरिक्त, मोठीत १ कमी. निवडणुकीच्या कामावर गेलेल्यांची नोंद वेगळी ठेवा. नाव पगारपत्रकावर असतं, वर्ग मात्र रिकामा.

समायोजन, म्हणजे अतिरिक्त शिक्षक कमी असलेल्या शाळेत हलवणं, मागण्याआधी माध्यम बघा. उर्दू शाळेतला अतिरिक्त शिक्षक तमिळ वर्गाच्या कामाचा नाही. तिथे रिक्त पद भरण्याचा वेगळा अर्ज करा आणि याच कायद्याच्या कलम २६चा दाखला द्या: शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो उशिरा येणाऱ्या मुलांवर. यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीला, ३० सप्टेंबरचा पट धरतात. बांधकामावरच्या मजुरांची मुलं दिवाळीनंतर आली, तर ती त्या आकड्यात नसतातच. म्हणून दर महिनाअखेर पट लिहा. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम ५ आणि १४).

नळ आणि स्वच्छतागृहं दुपारच्या पाळीत, तीनच्या सुमारास मोजा. सकाळी भरलेली टाकी तोवर रिकामी झालेली असू शकते, आणि त्याचा त्रास मोठ्या मुलींना आधी होतो. एका इमारतीत दोन शाळा असतील, तर तीच स्वच्छतागृहं दोन्हीकडे मोजली गेली नाहीत ना, हे पाहा. दोन्ही शाळांच्या मुलांची बेरीज करून मगच स्वच्छतागृहांच्या संख्येने भागा.

समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. दुपार पाळीचे आणि वस्तीतले पालक त्यात नसतील, तर या गोष्टी बैठकीत निघतच नाहीत. तक्ता तीन वर्षांच्या शाळा विकास आराखड्याला जोडा, डिसेंबरअखेर शिक्षण विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.