युगांडाला निघण्याआधी पिवळं कार्ड
चर्चच्या मिशन टीमबरोबर दोन-तीन आठवडे युगांडात इंटर्न म्हणून जाणार असाल, तर तिकिटाच्याही आधी पिवळ्या तापाच्या लशीची तारीख मिळवा. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच टोचतात. लस घेतल्याचं प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळं कार्ड, लागू होतं टोचल्यानंतर १० दिवसांनी. म्हणजे शेवटच्या आठवड्यातली धावपळ फुकट. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, हे एक बरं झालं. कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टातच ठेवा: परतताना भारतातल्या विमानतळावरही मागतात, आणि नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण. टीमची कागदपत्रं सांभाळायचं काम बहुधा इंटर्नच्याच गळ्यात पडतं, तेव्हा नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर लिहिलाय का, ते केंद्रातून निघण्याआधीच पाहा.