लांबचा स्वस्त फ्लॅट खरंच स्वस्त पडतो का? पुणेकरांसाठी सोपा हिशोब

पुण्यात फ्लॅट शोधताना सगळे स्क्वेअर फूटचा रेट बघतात आणि तिथेच गंडतात. शहराबाहेर टू बीएचके दहा लाखांनी कमी मिळतोय म्हणून टोकन द्यायच्या आधी जरा कागद-पेन घ्या.

आधी पेट्रोल. ऑफिस 20 किमीवर असेल तर जाऊन-येऊन 40, महिन्याचे 25 दिवस धरले की झाले 1000 किमी. इथल्या ट्रॅफिकमध्ये कार 12 चं अ‍ॅव्हरेज देते असं धरा, म्हणजे 83 लिटर, 105 रुपयांनी साधारण 8700. आता दहा लाखांच्या होम लोनचा 20 वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी काढून बघा, तोही 8700 च्या आसपासच येतो! म्हणजे वाचलेले दहा लाख पंपावर गेले, वर हप्ता कधीतरी संपतो, पेट्रोल संपत नाही, आणि दोघंही नोकरी करत असतील तर दुसरी गाडी आलीच. धुराचं म्हणाल तर लिटरमागे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, महिन्याला 190 किलो, एका गाडीचा.

मग पाणी. 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं महापालिकेत आली, पण त्यातल्या बऱ्याच सोसायट्या अजून टँकरवर आहेत. यात नवल काही नाही, घरं विरळ पसरली की तेवढ्याच घरांसाठी पाइप, ड्रेनेज, रस्ते, दिवे सगळंच लांबवर न्यावं लागतं. बिल्डरला विचारू नका, शेजारच्या सोसायटीतल्या कोणाला तरी मे महिन्यातला टँकरचा खर्च विचारा.

साइट व्हिजिट रविवारी करू नका, रस्ते रिकामे असतात आणि सेल्सवाले नेमकं तेव्हाच बोलावतात. सोमवारी सकाळी नऊला जा. दूध, भाजी, मेडिकल, शाळा, बसस्टॉप, यातलं दहा मिनिटांत चालत काय काय गाठता येतं ते मोजा. पेठांमध्ये हे सगळं खाली उतरलं की आहे, तेही चाळीस मजली टॉवर न बांधता (पार्किंगची बोंब आहे, मान्य).

बजेट बसत नसेल तर एक खोली कमी घ्या पण चालू मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं घ्या. ब्रोशरमधली 'प्रस्तावित' मेट्रो हिशोबात धरायची नाही.