कोणते प्लास्टिक आहे हे पाणी, मीठ आणि तेल वापरून कसे ओळखावे

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी बहुधा बाणांचा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने रूढ केलेल्या या खुणेवरून प्लास्टिकचा प्रकार लगेच कळतो. परंतु वस्तू फुटलेली असेल किंवा आकडा झिजला असेल, तर तिचा लहानसा तुकडा द्रवात टाकून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय होय. रंग, चकाकी किंवा जाडी यांवर मात्र विसंबू नये, कारण ती कारखानदाराच्या मर्जीप्रमाणे बदलतात.

द्रवापेक्षा कमी घनतेचा तुकडा तरंगतो आणि जास्त घनतेचा बुडतो. ही घनता बहुवारिकांच्या, म्हणजे लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांच्या, रचनेवर अवलंबून असते. एथिलीनच्या रेणूतील दुहेरी बंध उघडून असे हजारो रेणू एकमेकांना जोडले गेले की पॉलिएथिलीनची लांब साखळी तयार होते. साखळीला जागोजागी फांद्या फुटलेल्या असतील, तर साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत आणि दुधाच्या पिशवीसारखे मऊ, सुमारे ०.९२ घनतेचे (पाण्याची घनता १ धरून) एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचे पॉलिएथिलीन, मिळते. १९५३ मध्ये कार्ल झिग्लर यांनी शोधलेल्या उत्प्रेरकामुळे जवळजवळ सरळ साखळ्या कमी दाबाखाली बनवता येऊ लागल्या. त्या दाटीने रचल्या जातात, म्हणून एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचे पॉलिएथिलीन, अधिक कडक असते आणि त्याची घनता ०.९५ च्या आसपास असते. पॉलिप्रोपिलीनची घनता ०.९०, तर बेंझिनची कडी बाळगणाऱ्या पॉलिस्टायरीनची १.०५ असते. पीव्हीसीमध्ये क्लोरीनचा जड अणू असल्यामुळे त्याची घनता १.४ च्या जवळ जाते. पाण्याच्या बाटलीचे पीईटी संघनन अभिक्रियेने, म्हणजे जोडणी होताना लहान रेणू बाहेर पडून बनते आणि तेही १.३८ इतके जड असते.

नखाएवढा, सपाट व स्वच्छ तुकडा कापून घ्यावा. साध्या पाण्याच्या ग्लासात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घालून तुकडा चमच्याने पूर्ण बुडवावा आणि त्याला चिकटलेले बुडबुडे झटकून मगच सोडावा. ही काळजी घेतली नाही, तर पृष्ठताणामुळे जड तुकडाही तरंगत राहतो आणि निष्कर्ष चुकतो. थर्माकोल मुळात पॉलिस्टायरीनच असले तरी त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते या परीक्षेत घेऊ नये.

तुकडा तरंगला, तर तो पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन आहे असे समजावे. मग तो पुसून शेंगदाणा तेलात टाकावा. पॉलिप्रोपिलीन हळूहळू वर येते, एचडीपीई तळाला जाते. एलडीपीईची घनता तेलाच्या फार जवळ असल्याने तेथे स्पर्शावर भर द्यावा, कारण त्यावर नखाचा ओरखडा सहज उमटतो आणि त्याची पिशवी चुरगाळताना एचडीपीईच्या पिशवीसारखी कुरकुरत नाही.

तुकडा साध्या पाण्यात बुडाला, तर दुसऱ्या ग्लासात मीठ तळाशी उरेपर्यंत विरघळवावे. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावते आणि द्रावणाची घनता १.२ होते. त्यात पॉलिस्टायरीन वर येते, पीव्हीसी व पीईटी खालीच राहतात. खनिज भुकटी मिसळलेले प्लास्टिक अपेक्षेपेक्षा जड निघू शकते, हे लक्षात असू द्यावे.

कुकरच्या मुठीसारख्या बेकेलाईटच्या वस्तूंना ही रीत लावण्यात अर्थ नाही. ते उष्मादृढ आहे, म्हणजे त्यातील साखळ्या आडव्या बंधांनी कायमच्या जखडलेल्या असल्याने ते तापवले तरी वितळत नाही.

पीव्हीसी आणि पीईटी यांच्या घनता जवळजवळ सारख्या असल्यामुळे पुनर्वापराच्या कारखान्यांतही पाण्याच्या टाकीने हे दोन वेगळे होत नाहीत, आणि नेमकी हीच भेसळ सर्वांत त्रासदायक असते, कारण पीईटी वितळते त्या २५० अंश सेल्सिअसच्या पुढच्या तापमानाला पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराईड सोडते. हाच वायू पीव्हीसी जाळल्यावरही निघतो, म्हणून तुकडा पेटवून पाहण्याचा मोह टाळावा. बाटली असेल तर तिचा तळ पाहावा: पीईटीच्या बाटलीच्या तळाच्या मधोमध साचा भरताना राहिलेला लहान गोल ठिपका असतो, तर पीव्हीसीच्या बाटलीच्या तळावरून साच्याच्या जोडाची आडवी रेघ गेलेली दिसते.